खासगी आणि दौलत

जुने राजवाडे पाहायला जाणे हा आता केवळ इतिहासकारांचा अथवा धनिकांचा छंद राहिलेला नाही. दहाबारा समवयस्कांनी मिळून एक गाडी ठरवावी, माहिती सांगणारा एक मार्गदर्शक सोबत घ्यावा, दिवसभरात दोनतीन वास्तू पाहाव्यात आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावे, हा क्रम आपल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांतही चांगलाच रुळला आहे. मुले-नातवंडे परदेशी असणारे आपल्यातील अनेकजण तिकडे गेले की हेच करतात. पॅरिसहून अथवा तूरहून आठ आसनांच्या गाडीत बसून ल्वार नदीकाठचे दोनतीन किल्लेवजा प्रासाद पाहून येतात आणि परतल्यावर मोठ्या कौतुकाने छायाचित्रे दाखवतात. या सहलींत गैर काही नाही. मात्र त्यांच्या निमित्ताने एक प्रश्न आमच्या मनात दीर्घकाळ घोळत आहे, तो या अंकाच्या वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

देश कोणताही असो, मार्गदर्शकाच्या निवेदनाचा साचा सर्वत्र सारखाच आढळतो. वास्तू कोणी बांधली, केव्हा बांधली, दालने किती, झुंबराचे वजन किती, संगमरवर कोठून आला, हे सर्व तो तोंडपाठ सांगतो. एक गोष्ट मात्र तो सहसा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. हे सारे कोणाच्या पैशाने झाले? हा प्रश्न विचारणे सहलीच्या शिष्टाचारात बसत नाही. तथापि, तो न विचारता घेतलेला आनंद कितपत निर्दोष मानावा? इतरांच्या श्रमातून आणि करातून उभ्या राहिलेल्या वैभवाकडे पाहून सुखावण्याचा आपल्याला नैतिक अधिकार आहे काय?

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की, झाले ते होऊन गेले. बांधणारे गेले, कर देणारेही गेले. आता उरले आहे ते सौंदर्य, त्याचा आस्वाद घ्यावा. दुसरे असे की, प्रत्येक राजवाडा हा रयतेच्या घामावर उभा असतो, म्हणून त्याचे कौतुक करणे हा त्या रयतेचा अपमान होय. ही दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात. पहिल्यात विस्मरण आहे. दुसऱ्यात सर्व राजे आणि सर्व वास्तू एकाच मापाने मोजण्याची घाई आहे. आमचे बरेचसे सेवाजीवन राज्य शासनात, त्यातही हिशेबाच्या कामात गेले, त्यामुळे असेल कदाचित, पण खर्चाचा निवाडा करण्यापूर्वी तो कोणत्या शीर्षाखाली पडला आहे हे पाहण्याची आम्हांला सवय आहे.

गेल्या हिवाळ्यात मल्हारगंज आणि आसपासच्या वस्तीतील आम्ही अकराजण अशाच एका दिवसाच्या सहलीस गेलो होतो. सकाळी लालबाग पाहिली, मग महू ओलांडून जाम घाट उतरून नर्मदाकाठी महेश्वरला पोहोचलो. लालबागेच्या दिवाणखान्यात आमच्यातील एका गृहस्थांनी मार्गदर्शकाला सहज विचारले की, हा खर्च कोणत्या खात्यातून झाला? तो तरुण क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "साहेब, महाराजांचेच सगळे होते." दुपारी महेश्वरच्या वाड्यात तोच तरुण देवी अहिल्याबाईंच्या देवळांची आणि घाटांची यादी सांगत होता. या वेळी कोणी विचारले नसताना तो स्वतः होऊन म्हणाला, "हे सर्व त्यांनी आपल्या खासगीतून केले." एकाच दिवशी, एकाच घराण्याविषयी, एकाच माणसाने ही दोन वाक्ये उच्चारली. 'महाराजांचेच सगळे' आणि 'आपल्या खासगीतून' यांमध्ये जे अंतर आहे, तोच या लेखाचा विषय आहे.

खासगी आणि दौलत हे शब्द आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. नव्या पिढीसाठी थोडा खुलासा करणे उचित होईल. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे थोरल्या बाजीरावांच्या काळात, १७३४ मध्ये, स्वतंत्र जहागीर करून देण्यात आली. ती खासगी. सरंजामाचे, फौजेचे आणि राज्यकारभाराचे उत्पन्न ती दौलत. पुढे ही खासगी होळकर घराण्यातील मुख्य राजस्त्रीकडे चालत आली आणि गौतमाबाईंनंतर अहिल्याबाईंकडे आली. दोन्हींचे उत्पन्न वेगळे आणि हिशेब वेगळे. १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांच्या निधनानंतर राज्याची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली. त्यांनी महेश्वर ही राजधानी केली, तुकोजी होळकरांकडे फौजेचा भार सोपवला आणि १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत कारभार पाहिला. काशीच्या विश्वनाथ मंदिराची उभारणी, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, आणि देशभरचे असंख्य घाट, विहिरी व धर्मशाळा ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. या धर्मकार्याचा भार त्यांनी खासगीवर टाकला, दौलतीवर टाकला नाही, ही गोष्ट मात्र तितकीशी आवर्जून सांगितली जात नाही. आमच्या मते त्यांच्या मोठेपणाचे मर्म तेथेच आहे.

हिशेबाची ही रेषा आखण्यास त्यांना कोण भाग पाडणार होते? त्यांच्यावर महालेखापाल नव्हता, विधानसभा नव्हती, वृत्तपत्रे नव्हती. पेशव्यांचे लक्ष होते ते खंडणीवर आणि फौजेवर. काशीच्या देवालयाचा खर्च दौलतीत घातला असता तर एकाही समकालीनाने त्यांना दोष दिला नसता. उलट धर्मकार्य म्हणून गौरवच केला असता. जेथे कोणी विचारणारे नाही, तेथे स्वतःलाच विचारणे याला आम्ही नीती म्हणतो. चांगल्या कामासाठीही दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, हा नियम वाईट कामासाठी हात न लावण्यापेक्षा पाळायला कठीण असतो, कारण चांगल्या हेतूच्या आड माणूस स्वतःला सहज फसवू शकतो.

महेश्वरच्या वाड्यात शिरल्यावर प्रथम जाणवते ती त्याची साधेपणाची चाल. लाकडी खांब, बेताची दालने, जमिनीवरची बैठक. कोणा सधन पाटलाचे घर असावे तसा तो वाडा आहे. खाली नर्मदेचा घाट मात्र विस्तीर्ण, रेखीव आणि दगडाच्या कोरीव कामाने नटलेला आहे. स्वतः राहण्याच्या जागेवर कमी आणि सर्वांनी उतरण्याच्या जागेवर अधिक असा हा खर्चाचा क्रम आहे. त्या घाटावर आजही धुणे चालते, स्नान चालते, अस्थिविसर्जन चालते, आणि त्यासाठी कोणाला तिकीट काढावे लागत नाही. सर जॉन माल्कम हे काही आपल्या पक्षाचे गृहस्थ नव्हते. महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध ते स्वतः लढले होते. तरीही मध्य भारतावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात त्यांनी अहिल्याबाईंच्या कारभाराविषयी जो आदर व्यक्त केला आहे, तो वाचण्यासारखा आहे.

याच्या शेजारी लालबाग ठेवून पाहावी. खान नदीच्या काठी हा प्रासाद १८८६ पासून १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उभा राहिला. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरची लोखंडी द्वारे विलायतेत ओतवून समुद्रमार्गे आणवली गेली. आत इटालियन संगमरवर, छतांवर पाश्चात्त्य पुराणांतील आकृती, युरोपीय धाटणीची भव्य दालने आहेत. स्वयंपाकघर नदीपलीकडे ठेवून तेथून भुयारी मार्गाने अन्न आणण्याची सोय होती. वास्तू म्हणून ती नेत्रदीपक आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या बांधकामाच्या वर्षांतच १८९९-१९०० चे साल येते. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून ज्याला छपन्याचा दुष्काळ म्हणतात, तो त्या वर्षी राजपुतान्यासह माळव्यावरही कोसळला. एरवी मारवाडची माणसे दुष्काळात माळव्याच्या आश्रयाला येत; त्या वर्षी आश्रय देणारी भूमीच होरपळली. एका बाजूला हा दुष्काळ आणि दुसऱ्या बाजूला ते बांधकाम, हे दोन्ही आपल्या इतिहासाच्या एकाच पानावर आहेत. आपण पाहताना मात्र पानाची एकच बाजू पाहतो.

येथे न्याय करायचा तर दुसरी नोंदही केली पाहिजे. लालबागेचे काम ज्यांच्या काळात सुरू झाले, त्या दुसऱ्या तुकोजीरावांनीच खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले होते. त्या लोहमार्गाने माळव्याचा कापूस बाजारपेठेला जोडला गेला आणि इंदूरच्या व्यापाराला बरकत आली. म्हणजे तोच राजा, तीच दौलत. एका रकमेतून प्रजेला मार्ग मिळाला, दुसरीतून राजाला प्रासाद. माणूस एकच असला तरी त्याच्या प्रत्येक खर्चाचा निवाडा निराळा करावा लागतो, हे हिशेब तपासणाऱ्यास वेगळे सांगायला नको.

आता ल्वारकाठच्या त्या फ्रेंच प्रासादांकडे वळू. आपल्या मुलांकडे जाणारी मंडळी जे प्रासाद पाहून येतात, त्यांच्याविषयीची एक गोष्ट आमच्यासारख्या माजी सरकारी नोकराला विशेष वाटते. त्यांतील काही अत्यंत सुंदर वास्तू राजांनी बांधलेल्याच नाहीत. त्या राजाच्या खजिन्यावरील अधिकाऱ्यांनी बांधल्या आहेत! शेर नदीच्या पात्रावर उभा असलेला शनाँसोचा प्रासाद तोमा बोईए या वित्त अधिकाऱ्याने घेतला आणि नव्याने बांधला. बांधकामावर देखरेख त्याच्या पत्नीची होती. पुढे हिशेबात त्याच्या नावावर राजाचे मोठे देणे निघाले आणि १५३५ मध्ये त्याच्या मुलाला तो प्रासाद राजाच्या स्वाधीन करावा लागला. अझे-ल-रिदो हा दुसरा प्रासाद झिल बेर्तलो या खजिनदाराचा. १५२७ मध्ये त्याच्या आप्तांपैकी एका बड्या वित्त अधिकाऱ्यास फाशी झाली, तेव्हा बेर्तलोने देश सोडून पळ काढला. घर अपुरे राहिले आणि राजाने जप्त केले.

सर्वांत बोलकी कथा पॅरिसजवळील वो-ल-व्हिकोंत या प्रासादाची आहे. निकोला फूके हा चौदाव्या लुईचा वित्तप्रमुख. त्याने त्या काळचा श्रेष्ठ वास्तुविशारद, श्रेष्ठ चित्रकार आणि श्रेष्ठ उद्यानकार एकत्र आणून हा प्रासाद उभा केला. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने तेथे राजाला मेजवानी दिली. मोलिएरचे नवे नाटक झाले, आतषबाजी झाली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, फूकेला अटक झाली. अपहाराचा खटला तीन वर्षे चालला. न्यायाधीशांच्या बहुमताने हद्दपारीची शिक्षा दिली. राजाने ती बदलून जन्मठेप केली, आणि १६८० मध्ये कैदेतच फूके मरण पावला. येथपर्यंत ही अपहाराला मिळालेल्या शासनाची गोष्ट आहे. परंतु पुढे काय झाले? राजाने त्याच वास्तुविशारदाला, त्याच चित्रकाराला आणि त्याच उद्यानकाराला आपल्या कामावर घेतले आणि व्हर्सायचा प्रचंड प्रासाद उभारला. फूकेने खासगी व दौलत यांची सरमिसळ केली म्हणून तो तुरुंगात गेला. राजाने तीच सरमिसळ शतपटीने केली, तेव्हा तिला राज्याचे वैभव असे नाव मिळाले. त्या राज्यात जमिनीवरील मुख्य कराचा भार शेतकऱ्यावर होता आणि सरदारवर्गाला त्यातून सूट होती, ही गोष्ट सोबत ठेवली म्हणजे चित्र पूर्ण होते.

नोकरीत असताना जिल्ह्याच्या ठिकाणी दौऱ्यावर गेलो की विश्रामगृहाच्या नोंदवहीत सही करावी लागे. त्या वहीत मुक्कामाचे कारण लिहिण्यासाठी रकाना असे. आपल्या हिंदी कारभारात तेथे 'शासकीय' अथवा 'निजी' असे लिहिण्याची पद्धत होती आणि दोन्हींचे दर निराळे होते. रक्कम क्षुल्लक असे. तरीही त्या रकान्यापुढे पेन थबकते की सरसर चालते, यावरून सहकाऱ्यांची पारख होत असे, असा आमचा अनुभव आहे. महेश्वरच्या वाड्यात 'खासगी' हा शब्द ऐकला तेव्हा आम्हांला तोच रकाना आठवला. शनाँसो काय, व्हर्साय काय किंवा लालबाग काय, त्या रकान्यात खरे न लिहिल्याचा परिणाम मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर या वास्तू पाहाव्यात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. खासगी म्हणजे तरी काय? तीही जहागिरीच्या गावांचे उत्पन्नच. खासगीच्या गावातील कुणबी आणि दौलतीच्या गावातील कुणबी यांच्या घामात फरक नव्हता. मग खासगीतून केलेला दानधर्म तेवढा पवित्र आणि दौलतीतून केलेला प्रासाद तेवढा दोषी, हा भेद कागदी नाही काय?

आम्हांला हा आक्षेप फेटाळता येत नाही. खासगीच्या रेषेने मूळचा अन्याय नाहीसा होत नाही, हे मान्य करावयास हवे. जमीन कसणारा एक आणि तिचे उत्पन्न खाणारा दुसरा, ही व्यवस्था अहिल्याबाईंनी निर्माण केली नव्हती आणि त्यांनी ती मोडलीही नाही. परंतु रेषेने दोन गोष्टी साधतात. पहिली ही की सत्ताधाऱ्याच्या हाताला मर्यादा पडते. 'सगळे माझेच' असे म्हणण्याची वाट बंद होते. दुसरी ही की आपल्या वाट्याला आलेले परत देण्याची जबाबदारी येते. आपल्या भागाचे त्यांनी काय केले? त्याच्या विहिरी झाल्या, घाट झाले, वाटसरूंना सावली झाली. महेश्वरात विणकर वसवले गेले आणि त्या मागांवरचे लुगडे आजही विकले जाते, म्हणजे त्या खर्चातून आजही कोणाची तरी चूल पेटते. जेथून आले तेथेच नव्हे, तरी तशाच माणसांकडे ते परत गेले. पूर्ण न्याय नव्हे, पण न्यायाची दिशा त्यात निश्चित आहे. नीतीच्या क्षेत्रात पूर्णत्वाअभावी दिशेलाही शून्य गुण देणारा परीक्षक आम्हांला मान्य नाही.

मग सौंदर्याचे काय? लालबागेतील कोरीवकाम पाहून डोळे निवले, तर ते पाप समजावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. पैसा कोणाचाही असो, कौशल्य कारागिराचे असते. गवंड्याचा, सुताराचा, चिताऱ्याचा हात त्या भिंतींवर फिरला आहे, आणि बहुधा तेवढीच त्यांची खूण मागे उरली आहे. ती पाहण्याचे नाकारले तर ज्यांना राजाने विसरले त्यांना आपणही विसरलो असे होईल. शिवाय काळ वास्तूंची खातीही बदलतो. शनाँसोच्या ज्या लांबलचक दालनात राजघराण्याचे नृत्यसमारंभ होत, तेथे पहिल्या महायुद्धात तत्कालीन मालकाने रुग्णालय उघडले आणि दोन हजारांवर जखमी सैनिकांची शुश्रूषा झाली. लालबाग आज राज्य शासनाच्या ताब्यात आहे. एके काळी जेथे आपल्या आजोबांना पागोटे सावरून दाराशी उभे राहावे लागले असते, तेथे त्यांची नातवंडे चालत जाऊ शकतात. एका घराण्याची खासगी झालेली दौलत, उशिरा का होईना, पुन्हा दौलतीत जमा झाली.

परंतु जमा झाली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. तो आता आपल्याकडे आला. नवा मालक आपण. आपण तरी ती कशी राखली? ज्याला आपण अभिमानाने आपला राजवाडा म्हणतो, त्याचा मोठा भाग १९८४ च्या दंगलीत जळाला. माणिकबागेची कथा तर अधिक विचार करायला लावणारी आहे. यशवंतराव दुसरे यांनी १९३० च्या सुमारास जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियुस यांच्याकडून तो आधुनिक धाटणीचा प्रासाद बांधवून घेतला. त्यातील नामांकित सामानाचा १९८० मध्ये मोनाको येथे लिलाव झाला आणि वास्तूत केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आले. ज्या वास्तूवर कधीकाळी कराचा पैसा खर्च झाला, तेथेच आता कराची आकारणी होते, हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या संग्रहालयात या महाराजांवर प्रदर्शन भरले, तेव्हा इंदूरच्या दालनातील खुर्च्या पाहण्यासाठी इंदूरकराला पॅरिस गाठावे लागले. खासगीच्या मालमत्तेवर १९६२ पासून न्यास आहे. ती मालमत्ता कोणाची आणि तिची देखरेख कोणाकडे, हा वाद २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे गौतमाबाईंच्या नावे आखलेली ती रेषा जवळपास तीन शतकांनंतरही आपल्याला उत्तर मागत आहे.

फ्रेंच प्रासादांचा आणि आपला संबंध केवळ सहलीपुरता नाही, हेही येथे नमूद करावे. तिसऱ्या तुकोजीरावांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. त्यानंतर पॅरिसजवळील सँ-जर्मँ-आं-ले येथील एनमों नावाचा प्रासाद त्यांच्या मालकीचा होता. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले तेही पॅरिसमध्येच. एनमोंचा तो प्रासाद आज एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या आवारात आहे. त्याच्या वाटेने शाळेत जाणाऱ्या मुलांना माळवा कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण फ्रान्समध्ये आपल्यापैकी कोणी त्या वास्तूसमोर उभा राहिला, तर त्याने केवळ परदेशी पाहुण्याच्या कौतुकाने तिच्याकडे पाहू नये. ती ज्या पैशातून घेतली गेली त्या दौलतीशी त्याच्या पूर्वजांचाही संबंध होता.

आमच्या विवेचनाचा रोख अखेर येथेच येतो. आपली घराणी दक्षिणेतून, खानदेशातून, कोकणातून होळकरांच्या पदरी आली. कोणी फडणीस झाले, कोणी कमाविसदार, कोणी पुजारी, कोणी शिलेदार. मल्हारगंजातील आपले जुने वाडे, चौकातील तुळशीवृंदावन, माडीवरचे कोरीव खांब हे सर्व त्याच जमाखर्चाचे छोटे छोटे परिशिष्ट आहे. इनामाची सनद आपल्या पणजोबांच्या नावे झाली, ती जमीन कसणारा माळव्यातील शेतकरी निराळा होता. म्हणून राजवाडा पाहताना आपण तटस्थ प्रेक्षक नसतो. 'आमचे होळकर' असे म्हणताना आपला ऊर भरून येतो, तो यावाच. परंतु वारसा घ्यायचा तर पूर्ण घ्यावा. जुन्या धर्मशास्त्रात वडिलांचे कर्ज फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले होते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातून ते बंधन, पुढे होणाऱ्या कर्जांपुरते, काढून टाकण्यात आले. कायद्याने पैशाच्या कर्जातून मोकळे केले, ते योग्यच झाले. कीर्ती घ्यायची आणि देणे नाकारायचे, एवढी मोकळीक मात्र कोणताही कायदा देऊ शकत नाही.

हे देणे फेडायचे कसे? पश्चात्तापाचे प्रदर्शन करून ते फिटत नाही, आणि पूर्वजांना दूषणे देऊनही नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे तीन मार्ग आहेत. सहलीस गेल्यावर मार्गदर्शकाला 'किती' बरोबर 'कोणाच्या' हाही प्रश्न विचारावा. चारजणांनी विचारला तर पाचव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील. दुसरे, ज्या वास्तू आता सर्वांच्या झाल्या आहेत, त्यांची राखण ही सरकारची एकट्याची बाब मानू नये; भिंतीवर नाव कोरणारा पोरगा दिसला तर त्याला थांबवण्याइतका तरी मालकीहक्क आपण बजवावा.

तिसरा मार्ग आपल्या घरांतूनच जातो. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावरील पेट्यांत मोडी कागदांची बोचकी आहेत. सनदा, ताळेबंद, गावांचे वसूल, चाकरीच्या याद्या, मजुरांना दिलेल्या धान्याचे आकडे. बहुतेकांना ते वाचता येत नाहीत. काहींना वाळवी लागली आहे. घर विकताना काही रद्दीत जातात. राजवाड्याच्या भिंती जे सांगत नाहीत ते या कागदांत आहे. कोणत्या गावाने किती दिले, कोणत्या वर्षी सूट मिळाली, कोणाला मिळाली नाही, हे तेथे लिहिलेले आहे. ते कागद जाणकारांकडून वाचवून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढवावीत, जे देण्याजोगे असतील ते अभ्यासकांच्या हाती द्यावेत. त्यात आपल्या पूर्वजांना न शोभणारी एखादी नोंद निघाली तरी ती फाडू नये. अहिल्याबाईंनी विचारणारा कोणी नसताना दोन हिशेब वेगळे ठेवले. आपल्याला तर फक्त ते वाचायचे आहेत.